उष्णतेचे पेव

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकावर आमच्यापुढे विषय छापला आहे : 'पाडलेल्या काँक्रीटचा राडारोडा आणि कारखान्यातले गरम पाणी'. तो वाचून सकाळपासून चार जणांनी आम्हाला गाठले. दोघांना वाटले छापखान्याची चूक झाली. बाकीचे दोघे म्हणाले, कापसाच्या भावाचे सोडून हे काय काढले? चूक झालेली नाही, आणि भावाचेही आम्ही सोडलेले नाही. जरा दम धरा.

आधी आम्हीच एक विचारतो. यंदा पऱ्हाटी कोणी कोणी विकली? हात वर करा. बरेच आहेत. ट्रॉलीवर विकली की वजनावर? ट्रॉलीवर. तीन-चार जणांनी वजनावर. आता सांगा, तिच्यात उष्णता किती आहे हे मोजून कोणी विकली? एकही हात नाही. ज्याने ती घेतली त्याने मात्र उष्णताच घेतली. त्याला काडी नको होती. तिच्यातला जाळ हवा होता. या व्यवहारात विकणाऱ्याला आपण काय विकतो हे ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. राडारोड्याची गोष्ट आम्ही सांगणार आहोत ती इथपर्यंत येण्यासाठी.

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात मारुंजी नावाचे गाव आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कला खेटून. आपल्यापैकी काहींची पोरे तिकडे कामाला आहेत, आणि हिंजवडीत भाडे परवडत नाही म्हणून मारुंजीत खोली करून राहतात. अशाच एका कार्यकर्त्याच्या मुलाकडे आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. मुळशी हा भाताचा तालुका. मारुंजीत आज वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत, मधूनमधून एखादे खाचर शिल्लक आहे आणि त्याच्या बांधाला काँक्रीटचे ढीग पडलेले आहेत. जुनी घरे पाडली, कंपाउंडच्या भिंती पाडल्या, चुकलेले बांधकाम फोडले, सगळे डंपरमध्ये भरून रात्री ओढ्याच्या काठाला. पुण्याच्या वर्तमानपत्रांत याला राडारोडा म्हणतात. शब्द बरोबर आहे. पाऊस आला की पाणी त्या राड्याला वळसा घालून शेजाऱ्याच्या शेतात शिरते.

पुण्यात पाडापाडी किती चालते त्याची कल्पना यावी म्हणून दोनच गोष्टी सांगतो. विद्यापीठाच्या चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० साली पाडला. तो बांधून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. आणि मुळशीच्या वाटेवरचा चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके लावून उडवला. टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. स्फोट झाला, धूळ बसली आणि पूल अर्धाअधिक जागेवरच! शेवटी पोकलेन लावून पाडावा लागला. आतल्या सळईने धरून ठेवला होता. तेव्हा लोक हसले. आम्हाला त्यातून एवढेच कळले की चांगले काँक्रीट मेल्यावरही लवकर मोडत नाही.

आता हे काँक्रीट म्हणजे काय? सिमेंट सहावा-सातवा हिस्सा, बाकी खडी आणि वाळू. आपल्या मुलखात खडी म्हणजे काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन जो दगड झाला, ज्याच्यावर आपली काळी माती तयार झाली, तोच. तुमच्या रानात नांगराला लागतो तोही हाच. टेकडी फोडून खडी केली, खडीचे काँक्रीट केले आणि ते पाडून ओढ्यात टाकले.

या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका कामावर महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याने तो वेगवेगळा करून ठेवायचा, विल्हेवाटीचा आराखडा द्यायचा. त्याऐवजी नवे नियम केले ते १ एप्रिल २०२६ पासून लागू म्हणून जाहीर झाले. पुणे महापालिकेचा वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडचा मोशीला राडारोडा दळून खडी करण्याचा प्रकल्प आहे. भारतीय मानकानेही २०१६ पासून परवानगी दिली आहे : साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीपैकी २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये सगळीच्या सगळी. नियम आहेत, मानक आहे, यंत्र आहे. तरी मारुंजीच्या ओढ्याला ढीग आहेत, कारण डंपरवाल्याला रात्रीची फेरी स्वस्त पडते.

त्या मुक्कामातच पोराने आम्हाला एक जागा दाखवली. हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी, टॉवेल धुणारा कारखाना. मोठी लाँड्रीच म्हणा. मालकाचे नाव घेत नाही, त्याने भल्या मनाने आत येऊ दिले. मागे बॉयलर. बॉयलरशेजारी पोत्यांची थप्पी, पोत्यांत लाकडाच्या ओंडक्यासारखे दाबलेले गोळे. आम्ही एक मोडून पाहिला. भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा आणि पऱ्हाटी! पऱ्हाटीची साल आम्ही ओळखणार नाही तर कोण ओळखणार? चादर आपल्या कापसाची आणि ती धुवायला जाळ आपल्याच पऱ्हाटीचा. दोन्हींचा भाव ठरवणारा मात्र आपल्यापैकी नाही.

बॉयलरवाला गडी चांगला बोलका होता. पहाटे चारला पेटवतो, म्हणाला. चादरींना साठ-सत्तर अंशांचे पाणी लागते, डाग असले तर ऐंशी. दुपारपर्यंत धुणे चालते, मग जाळ कमी करतो, संध्याकाळी पुन्हा वाढवतो. धुराड्याजवळ उभे राहवत नव्हते. आणि मागच्या नालीतून धुतलेले पाणी वाहत होते, त्यातून वाफा येत होत्या. आम्ही हात घातला आणि काढला. आपल्या घरी म्हातारीने बंबातले एवढे कढत पाणी मोरीत सोडले असते तर सुनेने महिनाभर ऐकून घेतले नसते.

इथे हिशेब मांडू. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, तिथे हा हिशेब शिकवला होता, पण परीक्षेपुरता. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. समजा आपल्यातल्या पंधरा-वीस जणांनी मिळून एक लहान उद्योग काढला, सूत रंगवायचा किंवा दूध गोळा करायचा, आणि त्याला रोज २,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ पर्यंत तापवावे लागते. म्हणजे ४१८ मेगाज्यूल. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे सुमारे १७ मेगाज्यूल असतात, लहान बॉयलरमध्ये त्यातले दहाच हाती लागतात. रोज जवळजवळ ४२ किलो पऱ्हाटी. वर्षाला ३०० दिवस धरले तर १२ टनांच्या वर. कोरडवाहू कपाशीत एकरी एक टनाच्या आसपास पऱ्हाटी निघते, तेव्हा १२ एकरांची पऱ्हाटी एका लहान उद्योगाच्या पाण्यालाच गेली.

आता नालीकडे पाहा. वापरलेले पाणी पन्नास-पंचावन्न अंशांचे जाते आहे. ते नळीच्या एका बाजूने आणि ताजे पाणी दुसऱ्या बाजूने सोडले, एकमेकांत न मिसळता, तर ताजे पाणी २५ वरून ४५ वर आयते येते. तापवायचे होते ५० अंश, त्यातले २० फुकट. १२ टनांपैकी जवळजवळ पाच टन वाचले. यात शोध कसलाच नाही, तांब्याची किंवा स्टीलची नळी आहे. मग लोक करत का नाहीत? त्या बॉयलरवाल्याने एका वाक्यात सांगितले : "साहेब, नालीत गरम पाणी येते दहाला, मला लागते पहाटे चारला."

रोग हा आहे. उष्णता आहे, पण वेळेवर नाही. सूर्य डोक्यावर असतो बाराला, गरज असते पहाटे. मग आपल्या आजोबांनी ज्वारीचे काय केले? ज्वारीही एकाच महिन्यात येते आणि खायची बारा महिने. त्यांनी पेव खणले. जमिनीत खोल खड्डा, कडेने कडबा, वर माती. उष्णतेलाही पेव लागते, आणि ते काँक्रीटच्या तुकड्यांनी भरता येते.

उन्हाळ्यात वैशाखात तुम्ही खळ्यावर झोपता तेव्हा कातळ मध्यरात्रीपर्यंत कढत असतो. शेवटची भाकरी जाळ काढून घेतलेल्या तव्यावर भाजून निघते. हुरड्याच्या आगटीतली राख सारल्यावर खालची जमीन तासभर पाय ठेवू देत नाही. दगड उष्णता धरतो हे आपल्याला शिकवायला कोणी नको. किती धरतो, एवढे ऐका. काँक्रीट एक टन घेतले आणि १०० अंशांनी तापवले तर त्यात सुमारे ८८ मेगाज्यूल साठतात. तेवढ्यात चारशे लिटर पाणी २५ वरून ७५ वर जाते. तीच उष्णता बॉयलरमधून घ्यायची तर आठ-नऊ किलो पऱ्हाटी लागेल. वर्षभर रोज भरले आणि रोज रिकामे केले तर एक टन राडारोडा अडीच टन पऱ्हाटीचे काम करतो. आणि तो जळून जात नाही, पुढच्या वर्षी तिथेच असतो.

पण थांबा. पेव ज्वारी पिकवत नाही. राडारोडा उष्णता तयार करत नाही. आत घातली तेवढीच बाहेर येते, त्यातलीही काही मातीत मुरते. कोणी तुम्हाला सांगायला आला की काँक्रीटचे तुकडे टाकले की सरपण बंद, तर त्याला पुढच्या गावी पाठवा.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किलोला किलो पाहिले तर पाणी काँक्रीटच्या जवळजवळ पाचपट उष्णता धरते. म्हणून ज्याला फक्त साठ अंशांचे पाणी सकाळी हवे आहे, त्याने छपरावर सौर बंब बसवावा, खाली चांगली गुंडाळलेली टाकी ठेवावी आणि राडारोड्याच्या नादी लागू नये. आम्ही मारुंजीहून परत येताना गाडीत हाच वाद घालत होतो. मग काँक्रीट कुठे कामाचे? दोन ठिकाणी.

पहिले, जिथे उष्णता १०० अंशांच्या वर आहे. पाणी शंभराच्या वर न्यायचे तर दाबाची टाकी लागते, तिचे पोलाद, तिची तपासणी, तिचा धोका. सुके काँक्रीट अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत आरामात तापते, त्याला दाब नको. गरम हवा पंख्याने तुकड्यांतून खेळवायची, की तापले. पहाटे थंड हवा खेळवायची, ती गरम होऊन येते आणि पाण्याच्या नळीवरून जाते. चार टन तुकडे २५० वरून १०० वर उतरले तर पाचवा हिस्सा वाया जाऊनही आपल्या त्या २,००० लिटरांचे काम होते. चार टन म्हणजे एक ट्रॉली. जागा तीन घनमीटर, एखाद्या कणगीएवढी.

दुसरे ठिकाण नालीच्या कोमट पाण्यासाठी. जमिनीत खड्डा करायचा, आतून पाणी न झिरपणारा कागद, त्यात तुकडे भरायचे आणि फटींत पाणी. अशा खड्ड्यात नुसत्या पाण्याच्या सत्तर टक्के उष्णता मावते. मग नुसते पाणीच का नको? कारण तुकडे वरचे झाकण पेलतात. वरून बैलगाडी गेली तरी चालते. पोलादाची टाकी घ्यावी लागत नाही. जर्मनीत केमनिट्झ शहरात १९९० च्या दशकात ८,००० घनमीटरचा असा खडी-पाण्याचा खड्डा इमारती तापवायला केला. त्यांनी खडी वापरली, आपल्याकडे राडारोडा आहे.

काँक्रीटमध्ये उष्णता साठवण्याचे प्रयोग त्याच देशातल्या डीएलआर या सरकारी संस्थेने २००० नंतरच्या दहा वर्षांत पुष्कळ केले, ४०० अंशांपर्यंत नेले. ते काँक्रीट मुद्दाम त्यासाठी ओतलेले होते, पाडलेल्या घराचे नव्हते, हा फरक लक्षात ठेवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०२३ साली एका इथेनॉल कारखान्यासाठी विटा विजेने तापवून त्यातली उष्णता वापरायची यंत्रणा सुरू झाली. दुपारची सौर वीज स्वस्त, म्हणून.

परदेशाचे कशाला, लातूरला पाहा. महानंद डेअरीत २००६ साली दूध तापवण्यासाठी १६० चौरस मीटरची आरशांची थाळी बसवली. नाव 'अरुण'. मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापकांनी आणि एका मराठी मुलखातल्या कंपनीने मिळून केली. ती सूर्यामागे फिरते आणि दाबाखालचे पाणी तापवते. मराठवाड्याच्या उन्हावर दूध तापते हे तेव्हाच सिद्ध झाले. शिर्डीच्या प्रसादालयातही २००९ पासून ७३ थाळ्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. ऊन गोळा करण्याची विद्या आपल्याकडे वीस वर्षे आहे. साठवण्याच्या बाबतीत आपण मागे राहिलो.

दुपारच्या विजेबद्दलही सांगून ठेवतो. केंद्राने २०२३ साली वीज नियमांत बदल केला : उद्योगांना उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत निदान २० टक्के महाग. १० किलोवॉटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना तो १ एप्रिल २०२४ पासून लावायचा होता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात तुमच्यापैकी काहींनी पडीक जमिनी हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाड्याने दिल्या. तिथली वीजही दुपारचीच. ज्याच्याकडे उष्णतेचे पेव असेल तो दुपारी स्वस्तात भरून घेईल. नसेल तो संध्याकाळी महाग घेईल. हरभरा काढणीला विकणारा आणि दिवाळीला विकणारा यांत जो फरक, तोच.

धुराड्याचे राहिले. बॉयलरवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे : धुराड्यातल्या धुराची उष्णता २२ अंशांनी उतरवली की एक टक्का सरपण वाचते. अडीचशेचा धूर एकशे चाळीसवर आणला तर पाच टक्के. आमची आधी समजूत होती की मोठा खजिना धुराड्यात आहे. हिशेब केल्यावर उलटे निघाले. खजिना नालीत आहे. धुरात काजळी असते, ती तुकड्यांच्या फटी बुजवते, आणि धूर फार थंड केला तर डांबरट पाणी सुटून पत्रा खाते. तेव्हा क्रम असा लावा : आधी नाली, मग ऊन किंवा दुपारची वीज, धुराडे शेवटी.

हे सगळे कागदावरचे बोलणे झाले. आम्ही करूनही पाहिले, आणि पहिल्या दिवशी फजिती झाली. आमच्या गावात जुनी पाण्याची टाकी पाडली होती, तिचे तुकडे घेतले. घणाने फोडून लिंबाएवढे ते आवळ्याएवढे केले, दोनशे लिटरचे लोखंडी पिंप भरले आणि पऱ्हाटीच्या चुलीवरची गरम हवा लोहाराच्या भात्याने आत सोडली. अर्ध्या तासात पिंपातून वाफ, मग फटाके फुटावेत तसे आवाज. एक तुकडा वर उडाला. लोहार भाता टाकून पळाला. चूक आमची. राडारोड्याला जुना गिलावा चिकटलेला असतो, तो पाणी पितो. ताजी काळी खडी वजनाच्या एक-दोन टक्के पाणी धरते, पाडलेल्या काँक्रीटची खडी त्याच्या तिप्पट-चौपट. ओल आत राहिली आणि जाळ एकदम दिला की दगड फुटतो. पुढे आठ दिवस मंद धगीवर सुकवले, चुरा चाळून काढला, बाहेरून भुसा-माती-शेणाचा वीतभर लेप दिला. मग जुन्या बंबाची तांब्याची नळी गुंडाळून आत बसवली. रात्री भरलेले पहाटे उघडले तर नळीतून कढत पाणी आले. लोहाराने पहिली अंघोळ केली.

कोणी करणार असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. सिमेंटचे जुने पत्रे यात चुकूनही फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ छातीत बसते आणि निघत नाही. रंग, डांबर, प्लास्टिक, प्लास्टर ऑफ पॅरिस निवडून बाहेर. ४०० अंशांच्या वर नेऊ नका, सिमेंटमधला चुना सुटतो आणि नंतर ओल लागली की तुकडा भुगा होतो. आणि तुकड्यांना लागलेले पाणी दुधाला, सुताला, पिण्याला वापरू नका, ते चुन्याने कडक होते. पाणी नळीत, तुकडे बाहेर. बंद खोलीत चुलीची हवा भरू नका. पेवात उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात, ती सावधगिरी इथेही.

आता भावाचे. मघाशी कोणीतरी कुजबुजले ते आम्ही ऐकले : कारखान्यांनी उष्णता वाचवली तर आमची पऱ्हाटी कोण घेणार? प्रश्न रास्त आहे. नालीतल्या उष्णतेवरच पाच भागांतले दोन भाग सरपण वाचत असेल, तर गोळे करणारा तेवढी पऱ्हाटी कमी मागेल. आम्ही हे लपवत नाही. पण पऱ्हाटीचे आज काय होते? मोठा हिस्सा बांधाला पडून राहतो, त्यात गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत सुखाने राहते, किंवा फेब्रुवारीत काडी लावून मोकळे होतो. जी विकली जाते ती ट्रॉलीवर. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैविक गोळे मिसळावेत, २०२४-२५ पासून ५ टक्के आणि पुढच्या वर्षापासून ७ टक्के, असे केंद्राचे २०२३ सालचे धोरण होते. गिऱ्हाईक कमी नाही. भाव ठरवण्याची रीत खोटी आहे.

कोळसा कसा विकला जातो? १ जानेवारी २०१२ पासून कोल इंडियाचा कोळसा त्याच्यातल्या उष्णतेवर, किलोमागे किती कॅलरी यावर प्रत लावून विकला जातो. त्याच बॉयलरमध्ये, त्याच कामासाठी जाणारी आमची पऱ्हाटी मात्र डोळ्याने माप. दहा टक्के ओलाव्याच्या पऱ्हाटीत जेवढी उष्णता हाती येते, त्याच्या पाऊणच तीस टक्के ओलाव्याच्या पऱ्हाटीत. जो शेतकरी महिनाभर रचून वाळवून देतो त्याला आणि जो ओली भरून देतो त्याला एकच भाव. मग वाळवील कोण? एजंट म्हणतो माल ओला आहे, आणि भाव पाडतो. वाळलेला असतो तेव्हा वाढवत नाही. सरकारी खरेदीत कापसाच्या ओलाव्याला कापायला मशीन लावतात ना? तेच मशीन पऱ्हाटीला लावा, आणि कोरड्या मालाला वर चढवून द्या. आमची मागणी एवढी सरळ आहे : जाळण्यासाठी घेतलेल्या शेतमालाचा भाव उष्णतेवर ठरला पाहिजे, ओलावा तुमच्यासमोर मोजून. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे, मुंबईला मुख्य संस्था. पऱ्हाटीचे गोळे करण्याचे काम त्यांनी केले आहे. मोजण्याची विद्या त्यांच्याकडे आहे, तिकडे माल घेऊन जाऊ.

दुसरी मागणी आपल्याच उद्योगांची. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, त्यात एक अंग माजघर शेतीचे होते. शेतात पिकले ते घरात प्रक्रिया करून विकायचे. बायकांनी ते उत्साहाने घेतले. कित्येक ठिकाणी चालले, कित्येक ठिकाणी बंद पडले. बंद पडलेल्यांतले काही आम्ही जवळून पाहिले. माल चांगला होता, हिशेबात सरपण आणि वीज खात होती. सूत रंगवायचे, दूध तापवायचे, हळद शिजवायची, कशालाही कढत पाणी लागते, आणि कच्चा माल सोडला तर मोठा खर्च तोच. कारखानदाराला उष्णता वाया घालवणे परवडते, तो ती किमतीत घालतो. आपल्याला घालता येत नाही, कारण आपली किंमत दुसराच ठरवतो.

आणि मारुंजीच्या ओढ्याचे काय? तिथले शेतकरीही आपलेच आहेत. त्यांची जमीन गेली, राहिलेल्या बांधाला शहराचा राडारोडा आला. फुकट टाकता येतो तोवर तो ओढ्यातच पडणार. निवडून, फोडून, चाळून त्याची खडी कोणी विकत मागू लागले तर डंपरवाला वजन करून तिकडे नेईल. दंडाचे नियम २०१६ पासून आहेत, त्यांनी ओढा मोकळा झाला नाही. गिऱ्हाईक मिळाले तर होईल असे आमचे मत आहे. गरम पाण्यासाठी लागणारा राडारोडा शहराच्या ढिगांपुढे थोडाच असेल, हे आम्हाला मान्य आहे. बाकीचा रस्त्याच्या भरावाला आणि पेव्हर ब्लॉकला जाईल. पण तालुक्याच्या गावीही आता जुनी घरे पडू लागली आहेत. ते ढीग बांधाला येण्याआधी आपल्या गावात कोणी मागणारा असू द्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन गोष्टी घेऊन याव्यात. एक, यंदा पऱ्हाटी कोणाला, किती ट्रॉल्या, काय भावाने गेली त्याचा कागद. दुसरे, पऱ्हाटीची एक मोळी आज कापून वजन करा, छपराखाली ठेवा आणि बैठकीच्या आदल्या दिवशी पुन्हा वजन करा. दोन्ही वजने लिहून आणा. ते आकडे घेऊन नागपूरला जाणारी पाच जणांची नावे त्याच दिवशी ठरतील. पिंप कार्यालयाच्या मागे ठेवले आहे. पाहायचे असेल त्याने जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहावे, पण झाकणाला हात लावू नये. काल रात्री भरले आहे.